चार तासांचा सर्व्हर

ताईने मला सर्व्हर मागितला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती आणि कळमन्याजवळच्या एका धरमकाट्यावर कामाला होती. धरमकाटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. ट्रक जमिनीत बसवलेल्या लोखंडी पाटावर उभा राहतो, बाजूच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर वजन उमटतं, आणि आत बसलेलं माणूस गाडीचा नंबर टाकून चिठ्ठी काढून देतं. ते आत बसलेलं माणूस म्हणजे माझी ताई. गेली चौदा वर्षं ती तिथे आहे.

रविवार होता. मी तिच्या घरी जेवायला गेलो होतो. मी धरमपेठेत राहतो, ती उत्तर नागपुरात, विहाराच्या मागच्या गल्लीत. जेवण झाल्यावर हात पुसत ती म्हणाली, "बाबू, तुह्या कंपनीत एवढे सर्व्हर आहेत म्हणते तू. मले एक देतं का?"

"सर्व्हर? कायले?"

"शिकायले."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिने सांगितलं. महिनाभरापूर्वी काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही टाइप केलं आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावातल्या मशीनवरून बिघडलेल्या फाईलच्या जागी चांगली फाईल खाली उतरवली. ताईने त्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "मॅडम, ये आपके काम का नहीं है." तो गेल्यावर तिने त्याने टाइप केलेले जेवढे शब्द आठवले तेवढे वजनाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून काढले, घरी आली आणि मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसली.

"कंपनीचे सर्व्हर असे देता येत नाहीत, ताई," मी म्हटलं. हे खरंच होतं. पण मी ते ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आजही आठवतो. गिऱ्हाइकाला आपण 'बघतो' म्हणतो ना, तसा. वाईट वाटलं म्हणून मी पुढच्या रविवारी माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला. त्याची बॅटरी गेलेली होती, तो फक्त वायर लावूनच चालायचा. तिने तो घेतला, पुसला, आणि म्हणाली, "चांगला आहे. पण याच्यावर जे करंन ते घरातच दिसंल. मले बाहेरून दिसणारा पाह्यजे."

माझ्या ताईबद्दल थोडं आधीचं सांगायला हवं. आम्ही उमरेडचे. बाबा कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावी सायन्सला ती शाळेत पहिली आली. तिला नागपूरला पुढे शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात दोन महिने बोलणं चाललं आणि मग ते बोलणं नुसतंच थांबलं. नाही असं कोणीच म्हटलं नाही. पुढे मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र काही बोलणंच झालं नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझा एसटीचा पास काढून आणला.

मी रोज उमरेडहून नागपूरला जायचो. संध्याकाळी परत आलो की ताई माझी पुस्तकं घेऊन बसायची. प्रोग्रामिंगचं पुस्तक तिला फार आवडलं. घरात कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा कोणाच्याच घरात नव्हता. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायची आणि माझ्या हाती द्यायची. मी तो कॉलेजच्या लॅबमध्ये चालवून पाहायचा आणि संध्याकाळी तिला निकाल सांगायचा, असं ठरलं होतं. चूक निघाली तर मशीनने नेमकं काय म्हटलं ते तिला शब्दशः हवं असायचं. पण लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघंतिघं असायचो. माझा नंबर आला की मला माझंच काम उरकायचं असायचं. मग मी घरी येऊन सांगायचो, "चालला." ती खूश व्हायची आणि त्याच्यापुढचा लिहायला घ्यायची.

एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "बाबू, तो सातवा प्रोग्राम चाललाच नसंल. त्यात एक कंस बंद करायचा राह्यला होता. मले आत्ता आठवलं."

मी पुस्तक उघडून बसलो. त्यानंतर तिने मला प्रोग्राम दिला नाही, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

तर लॅपटॉप दिल्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, काट्याला सुट्टी होती तेव्हा, तिचा मला ऑफिसात फोन आला. "बाबू, कॉम्प्युटरसमोर आहे का? एक नंबर सांगतो, तो टाक." तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, मधल्या टिंबांसकट. मी तो ब्राउझरमध्ये, वेबसाइटच्या पत्त्याच्या जागी टाकला. पांढरं पान उघडलं. त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जय भीम बाबू. हे पान चार वाजून पन्नास मिनिटांनी जाणार आहे.'

मी घड्याळ पाहिलं. साडेचार झाले होते.

"हे कुठून केलं?"

"इंटरनेटवर फुकट भेटते. शिकणाऱ्या लोकायसाठी ठेवला आहे त्याहीनं. कार्ड नाही मांगत, काही नाही मांगत. बटन दाबलं का आपल्याले कोरी मशीन भेटते. चार तास आपली. मंग पुसून टाकतात."

मी लगेच मोठ्या माणसासारखा बोलायला लागलो. फुकटच्या गोष्टींचा भरवसा नसतो, तो कधीही बंद होईल, त्यावर महत्त्वाचं काही ठेवू नको, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भरवसा ठेवून कोण राहिलं? मी त शिकून राहिली."

पाचला पाच कमी असताना मी ते पान पुन्हा उघडून पाहिलं. काही नव्हतं. पत्ताच सापडत नाही म्हणून कॉम्प्युटरने सांगितलं. मला उगीच वाईट वाटलं. चार तास खपून तिने ते एक वाक्य जगाला दिसेल असं मांडलं होतं आणि ते वीस मिनिटं टिकलं होतं. मी फोन केला. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"गेला ना? जाऊ दे. उद्या परत करतो," ती म्हणाली. "आज पहिले तीन तास त दार कसं उघडायचं त्यातच गेले. आता दार माहीत झालं."

पुढचे कित्येक महिने तिचा हाच उद्योग होता. काट्यावरून साडेपाचला सुटायची, घरी येऊन चहा घ्यायची आणि एक कोरी मशीन मागून घ्यायची. रविवारी दोन. काट्याच्या मालकाकडून मिळालेली एक जुनी डायरी तिने त्यासाठी ठेवली होती. डाव्या पानावर तिने मशीनला काय सांगितलं ते, उजव्या पानावर मशीनने काय उत्तर दिलं ते, शब्दशः. इंग्रजी शब्दाखाली बारीक अक्षरांत मराठी अर्थ. आणि प्रत्येक पानाच्या वर, कोऱ्या मशीनपासून पान दिसेपर्यंत किती वेळ लागला ते. पहिल्या पानावर तीन तास चाळीस मिनिटं. मग दोन तास वीस. मग एकदा पुन्हा तीन तास, कारण त्या दिवशी तिने मुद्दाम वेगळी पद्धत करून पाहिली होती. मग दीड तास. असं करत करत एकतीस मिनिटं.

महिनाभराने ती डायरी मी पहिल्यांदा चाळली तेव्हा मला माझं ऑफिस आठवलं. आमच्याकडे एक सर्व्हर आहे. तो सात-आठ वर्षांपूर्वी एका माणसाने उभा केला, मग तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला. तो सर्व्हर नेमका कसा उभा राहिला हे आता कोणालाच ठाऊक नाही. नवीन माणूस आला की आम्ही त्याला पहिल्या दिवशी सांगतो, त्याला हात लावायचा नाही. आम्ही पगार घेणारी माणसं. आणि इकडे माझी ताई, जिला चार तासांच्या वर काही मिळतच नव्हतं, तिने तेच घर तीसेक वेळा पायापासून बांधलं होतं. कोणती वीट कुठे बसते हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पुढे तिला कळलं की डाव्या पानावरच्या सगळ्या आज्ञा एकाखाली एक अशा एकाच फाईलमध्ये लिहून ठेवता येतात आणि मशीनला सांगता येतं की हे घे, आणि तूच कर. ती फाईल तिने पेनड्राइव्हमध्ये ठेवली. आता तिला सहा-सात मिनिटं लागायची. मी म्हटलं, "आता डायरीची गरज नाही मग." ती म्हणाली, "असं कसं? फाईल चुकली त कुठं चुकली हे डायरीच सांगंल ना."

त्याचा पहिला उपयोग तिने काट्यावरच केला. संत्र्याच्या हंगामात दुपारी बारा ते चार तिथे गाड्यांची मोठी रांग लागते. ड्रायव्हर पलीकडच्या टपरीवर चहा पीत बसतात आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी खिडकीशी येऊन विचारतं, "दीदी, मेरा नंबर कब आयेगा?" ताईने एक पान केलं. त्यावर फक्त एक मोठा आकडा, आत्ता कितवी गाडी काट्यावर आहे तो. तिने पत्ता एका पुठ्ठ्यावर लिहून टपरीवर टांगला. ड्रायव्हर मोबाईलवर आकडा पाहायचे आणि आपला नंबर जवळ आला की गाडीकडे जायचे. चार वाजता ते पान आपोआप नाहीसं व्हायचं आणि तोवर गर्दीही ओसरलेली असायची. दुसऱ्या दिवशी नवीन मशीन, नवीन पत्ता, पुठ्ठ्यावर नवा कागद. एका पंजाबी ड्रायव्हरने तिला विचारलं होतं, "दीदी, आपका कंप्यूटर भी चार बजे छुट्टी करता है क्या?" हे सांगताना ती फार हसली.

मला खरं सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या दसऱ्याचं.

दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर किती माणसं येतात हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. छप्पन साली आमच्या आजोबांनी इथेच दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात दसरा म्हणजे दीक्षाभूमी. ताईच्या विहाराचं महिला मंडळ त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाण्याचा आणि जेवणाचा मंडप टाकतं. आणि त्याच मंडपात एक टेबल असतं, हरवलेल्या माणसांचं. पोलिसांची मोठी व्यवस्था असतेच, पण गावाकडची म्हातारी माणसं पोलिसांकडे जायला बिचकतात. पांढऱ्या साडीतली बाई दिसली की तिच्याशी येऊन बोलतात. अशी टेबलं आसपासच्या आणखी तीन मंडपांतही होती. प्रत्येकाचं आपापलं रजिस्टर. आणि नेमकं व्हायचं असं की बायको एका टेबलावर बसून रडते आहे आणि नवरा दुसऱ्या टेबलावर तिचं नाव लिहून देतो आहे, मधे अर्ध्या किलोमीटरची गर्दी.

महिला मंडळाच्या बैठकीत ताई म्हणाली की चारही टेबलांची यादी एकच करता येईल, मोबाईलवर दिसणारी. मी त्या दिवशी तिला घ्यायला गेलो होतो म्हणून मागे उभा होतो. मी मध्येच म्हटलं, "त्यासाठी एवढं काय करायचं? व्हॉट्सॲपचा ग्रुप करा, फोटो टाका."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "आणि ते फोटो मंग कुठं कुठं जातील, बाबू? कोणाची पोरगी, कोणाची माय, कोणाचा नंबर. एकदा ग्रुपवर गेलं का कोणाच्या हातात राह्यते ते? ही माणसं दोन दिवसासाठी आली. त्यायचं काही आपल्यापाशी राहूच नये."

मंडळाच्या अध्यक्षा, एक निवृत्त नर्सबाई, म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिली वं तू."

एका ठिकाणी तिला तीन दिवसांचा फुकट सर्व्हर सापडला. चाचणी आणि छोट्या कामासाठी, तीन दिवसांनी पुसला जाणारा. त्याचे नियम इंग्रजीत होते, लांबलचक. तिने ते डिक्शनरी घेऊन शेवटपर्यंत वाचले. मी इतक्या वर्षांत कुठलेही नियम शेवटपर्यंत वाचलेले नाहीत. तिथे लिहिलं होतं की लोकांची खाजगी माहिती यावर ठेवू नये. म्हणून तिने ठरवलं, फोन नंबर आणि पूर्ण नाव कागदाच्या रजिस्टरमध्येच राहील. पानावर फक्त हाकेचं नाव, गाव, अंगावरचे कपडे आणि माणूस कोणत्या टेबलावर बसलं आहे तो आकडा.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिने मला बोलावलं. "तू मोठा इंजिनीअर आहे ना? आता हे मोडून दाखव." मी दोन तास बसलो. मला तीन भोकं सापडली. एक तर कोणीही यादीत काहीही लिहू शकत होतं. तिने डायरी काढली, तीनही भोकं लिहून घेतली, आणि मला शेजारी बसवून एकेक बुजवलं. मी म्हटलं, पान जरा रंगीत करू या, नकाशा टाकू या. ती म्हणाली, "तिथं लाखो मोबाईल असतात, बाबू. नेटवर्क मरून जाते. नुसती अक्षरं गेली तरी खूप."

पहिल्या दिवशी सकाळीच एक गोष्ट उघडी पडली. सगळीच माणसं पांढऱ्या कपड्यांत होती. यादीभर 'पांढरी साडी', 'पांढरा सदरा'. आमच्या कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, आणि आम्ही स्वतः पांढऱ्या कपड्यांत उभे होतो. ताईने कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच 'कपडे' खोडून 'हातात काय आहे' असं केलं. त्यानंतर यादी बोलू लागली. लाल नायलॉनची पिशवी. मूठ तुटलेली छत्री. पुस्तकांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. छोट्या मुलांना मात्र यादीत न टाकता थेट पोलिसांकडे पोचवायचं, हा तिचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, दुपारी सव्वाबाराला पान गेलं.

आधी मला वाटलं नेटवर्क असेल. मी मंडपात पाणी वाटत होतो. मग दुसऱ्या टेबलावरून फोन आला, मग चौथ्या टेबलावरून. "ताई, पान दिसत नाही." तीन दिवसांचा सर्व्हर दीड दिवसात गेला होता. का गेला ते आम्हाला कधी कळलं नाही. फुकटचा होता, विचारायचं तरी कोणाला? मंडपात त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, मराठवाड्यातून आलेले, डोक्याला उपरणं. सकाळी दहापासून बायकोला शोधत होते.

मी ताईकडे पाहिलं. ती भाजीच्या कढयांच्या मागे ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. लॅपटॉप मांडीवर, वायर जनरेटरच्या बोर्डाला. तिच्या हालचालीत घाई नव्हती. मी सर्व्हर बंद पडल्यावर काय करतो ते मला माहीत आहे. मी आधी कोणाची चूक आहे ते शोधतो.

"ताई, आता गं?"

"आता काय? चार तासवाला घेतो." तिने पेनड्राइव्ह लावला. "तू एक काम कर. चारही टेबलाले फोन लाव. म्हणावं, बाराच्या नंतरची नावं रजिस्टरमध्ये पाहून तयार ठेवा. पाच मिनिटात नवीन नंबर सांगतो. तवरिक कोणाले जाऊ देऊ नका."

"बाराच्या आधीची?"

"ते आहेत इथं." तिने लॅपटॉपवर बोट ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी यादीची एक प्रत लॅपटॉपवर उतरेल अशी सोय तिने केली होती. मी तीन भोकं शोधली होती, पण सर्व्हरच गेला तर काय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. तिच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. तिचा प्रत्येक सर्व्हर गेलेलाच होता.

मध्ये एकदा तिची बोटं थांबली. पडद्यावर लाल ओळ आली होती. तिने ती दोनदा वाचली, पिशवीतून डायरी काढली, पानं उलटली, एका पानावर थांबली. "हो, हे मागं एकदा झालं होतं," असं स्वतःशीच म्हणाली आणि एक शब्द बदलला. साडेबारा वाजायच्या आत पान परत उभं राहिलं. मी चारही टेबलांना नवा नंबर सांगितला. माझा आवाज चढला होता, मला स्वतःलाच ऐकू येत होता.

बारानंतरची नावं एकेक करून परत चढायला लागली. तिसऱ्या टेबलावरून एक ओळ आली: 'गाव परभणीकडचं. हातात स्टीलचा डबा, झाकणाला चिंधी बांधलेली.'

ताईने मान वर केली. "काका, तुमच्या घरच्यायच्या हातात काय होतं?"

"डबा हाय की," म्हातारे म्हणाले. "भाकरीचा. त्याचं झाकण लागत न्हाई, म्हून ती चिंधी बांधती."

मीच त्यांना हाताला धरून तिसऱ्या टेबलापर्यंत घेऊन गेलो. अर्धा किलोमीटर जायला आम्हाला बराच वेळ लागला. आजी खुर्चीवर बसल्या होत्या, डबा मांडीवर. मला वाटलं आता रडारड होईल. आजींनी नवऱ्याला पाहिलं आणि आवाज चढवला, "म्या म्हनलं व्हतं ना, हितंच थांबा म्हून? कुटं गेला व्हता?"

"म्या तितंच व्हतो. तूच गेलीस की पुस्तकं बघायला."

"पुस्तकं काय माज्यासाठी बघत व्हते? नातीनं सांगितली व्हती ना?" आणि मग त्यांनी डब्याची चिंधी सोडली, अर्धी भाकरी काढून त्यांच्या हातात दिली. "खावा आता. सकाळपासून पोटात काय न्हाई." म्हाताऱ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली. खाताना मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी परत येऊन हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "भेटले ना? मंग त्यायचं नाव काढून टाक यादीतून." आणि दुसऱ्या नावाकडे वळली.

दुपारी चारच्या पुढे तो सर्व्हरही जाणार होता. त्याच्या दहा मिनिटं आधीच तिने पुढचा उभा केला आणि स्वयंसेवकांना नवा नंबर कळवला. या वेळी कोणाचा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत यादीतली बहुतेक नावं निघाली होती. जी दोन-तीन माणसं उरली त्यांना नर्सबाई स्वतः पोलिसांच्या मंडपात पोचवून आल्या. शेवटचा सर्व्हर आपल्या वेळेला गेला. ताईने लॅपटॉपवरच्या प्रतीही पुसून टाकल्या आणि मला दाखवल्या, पाहा, काही नाही.

महिनाभराने मी तिला म्हटलं, "ताई, मी तुला कायमचा सर्व्हर घेऊन देतो. पुढच्या वर्षीपर्यंत पान तयार राहील."

"वर्षभर ते रिकामं पान कोणासाठी चालू ठेवू?" ती म्हणाली. "दसरा आला का करू. काही द्यायचंच असंल त त्या लॅपटॉपले बॅटरी आणून दे."

बॅटरी आणून दिली. आणि आणखी एक केलं, जे खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं. ऑफिसात मी हे सगळं माझ्या टीममधल्या दोघांना सांगितलं, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही इंजिनीअर, दोघांच्याही हाताखालून त्या हात न लावायच्या सर्व्हरचं काम जातं. मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला ती डायरी बघायला मिळेल का?"

एका रविवारी मी दोघांना ताईकडे घेऊन गेलो. ताईने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. खाणं झाल्यावर मुलीने डायरीचे फोटो काढायला मोबाईल काढला. ताई म्हणाली, "फोटो नको काढू. फोटो काढून कोणी वाचत नाही. लिहून घे." आणि दोघांसमोर दोन कोऱ्या वह्या ठेवल्या, आणून ठेवलेल्याच होत्या. मग तिने दोघांनाही एकेक कोरी मशीन मागायला लावली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली, कढी ढवळत. मुलगा अडला की तो माझ्याकडे पाहायचा. मी ताईकडे पाहायचो. ताई तिथूनच विचारायची, "काय म्हणून राहिली ते मशीन? अर्थ नको सांगू, वाच. जसं आहे तसं वाच."

मुलीचं पान एका तासात दिसलं. मुलाचं दोन तासांनी. त्याला घाम फुटला होता, आणि तो रोज आठ तास हेच काम करतो. ताईने दोघांची वेळ त्यांच्या वहीवर वरच्या बाजूला लिहायला लावली.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आता पुसा आणि परत करा."

मी निघालो, मला धरमपेठेत काम होतं. ते दोघं तिथेच बसून राहिले. पुढच्या रविवारीही गेले, त्याच्या पुढच्याही. मला विचारलंसुद्धा नाही.